शीळ घाल, आवेलीन

शीळ घाल, आवेलीन.
सूर चुकला तरी चालेल, थांबायचं मात्र नाही.
या मठाच्या स्वयंपाकघरात
बदाम सोलणाऱ्या पोरीचं तोंड रिकामं ठेवत नाहीत.
माझंही ठेवलं नव्हतं. तेव्हा पुढचे दात होते,
शीळ बरी निघायची.

रात्रभर भिजलेत. आता वरून कढत पाणी,
‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एकदा म्हणून होईपर्यंत.
भरभर म्हणू नकोस. भरभर म्हटलं की साल निघत नाही.
आता चिमटीत धर. दाब.
बघ कसा सुळकन निसटला,
न्हाणीतून पळालेल्या पोरासारखा, उघडावाघडा.

दोनशे चाळीस आहेत.
मिठाच्या नावेतून आले, प्रवाहाच्या उलटे,
आणि साओनच्या धक्क्यावर सिस्टर ओडीलनं
गारठल्या बोटांनी एकेक मोजून घेतले.
नावाड्यानं वर मूठभर दिले,
ते वहीत नाहीत. माझ्या लक्षात आहेत.

खल इकडे ओढ. जड आहे, पाय सांभाळ.
कुटताना पाण्याचा हबका मारत राहायचा,
थेंब थेंब, हाताच्या टोकानं.
कोरडे कुटलेस तर तेल सुटेल,
आणि सगळ्या सकाळचं मुसळ केरात.
कुट. दम लागला की बाजू बदल.
दूध गाईचं असो की झाडाचं,
कुणाचा तरी खांदा दुखल्याशिवाय निघत नाही.

ऐकू येतंय ना? गोठ्यात रूसेट हंबरतेय.
परवा व्याली. सड तटतटलेत,
आणि आपल्याला ईस्टरपर्यंत
दूध नाही, लोणी नाही, अंडंही नाही.
दुधाची तहान ताकावर म्हणावं, तर ताकही वर्ज्य.
वासराला उपास नसतो.
मी काल जरा वेळ उभी राहून बघितलं त्याला,
तोंडाला फेस, शेपटी वेडी झालेली.
देवाला ते चाललं असावं. आभाळ काही पडलं नाही.

यातला पहिला वाटा वर जाईल, सिस्टर एरेंबूरला.
तिला आता एवढंच उतरतं घशाखाली.
आजाऱ्याला सूट आहे, पण गाईचं तिला पचत नाही.
दर वेळी विचारते, कुठल्या गाईचं गं?
मी सांगते, रूसेटचं.
मग डोळे मिटून पिते, आणि म्हणते,
यंदा गवत चांगलं आहे.
हे खोटं मी दर शुक्रवारी कबूल करते.
फादर जाळीआडून खोकतात. शिक्षा देत नाहीत.

शीळ थांबली.

मी मागे वळणार नाही, आवेलीन.
विस्तवाकडे बघत उभी आहे, मला काही दिसत नाही.
फक्त एवढं सांगते,
त्या गोणीत शेकड्याला एखादा कडू निघतो,
दिसायला अगदी इतरांसारखा,
आणि चोरणाऱ्या हाताला नेमका तोच सापडतो.

असं तोंड करू नकोस. थुंक चुलीत.
पाणी पी.
मला सापडला होता तेव्हा मी नऊ वर्षांची होते
आणि तीन दिवस वाटत होतं की मी मरणार.

चल, फडकं धर. त्या टोकाला तू, या टोकाला मी.
ओत. आता पीळ दे,
तू उजवीकडे, मी डावीकडे.
पहिलं नुसतं पाणी वाटतं, निळसर,
मग एकदम दाट होतं. बघ. बघ ना.
दरवर्षी मला वाटतं, या वेळी नाही होणार.

मध नंतर. मीठ चिमूटभर. केशर आपल्यासाठी नाही,
ते बिशपसाहेब आले तर.

आणि फडक्यात राहिला तो चोथा तुझा.
हो, सगळा. वहीत चोथा लिहीत नाहीत.
तिकडे बस, पिठाच्या कणगीमागे,
थोडा मध घे त्यावर, मी पाहिलं नाही.
सावकाश खा.

चोथा खाताना शीळ घालावी लागत नाही.